पीप साइट लावली आणि नळीचं दुखणं उघडं पडलं: सोलापुरातल्या एका एअर रायफलचं प्रकरण

रायफल भारतीय बनावटीची, नळी मोडून (सांध्यातून खाली वाकवून) कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, अशी स्प्रिंगवर चालणारी. कॅलिबर 4.5 मिमी. मालक सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे मागांची दुरुस्ती आणि जुळणी त्यांच्याकडे असते. रायफल चालवते त्यांची नववीतली मुलगी. शालेय स्पर्धेत ती आधी ओपन साइट (नेम धरायची साधी उघडी खाच) गटात खेळायची, तिथे तिचं बरं चाललं होतं. या वर्षी तिला पीप साइट गटात घेतलं, म्हणून त्याच रायफलवर मागची छिद्राची साइट बसवली. त्या दिवसापासून कार्डावरचे छर्रे पांगायला लागले. घरात एकच निष्कर्ष निघाला, नळी घासली.

मी टूलरूममध्ये काम केलेला माणूस आहे आणि या मुलांना नेमबाजी शिकवतो. वडील मला भेटले तेव्हा त्यांचं ठरलेलंच होतं. म्हणाले, "सर, नवी नळी मागवतो आणि घरीच बदलून टाकतो. मागाचा अख्खा साचा उघडून जोडतो आम्ही, हे काय अवघड हाय?" जॉबरच्या हातात काम असतं, त्याबद्दल मला शंका नव्हती. मला शंका होती ती निदानाची. नळी बदलायचं काम पान्याचं कमी आणि मापाचं जास्त. माप न घेता नळी बदलली तर जुनं दुखणं नव्या नळीवरही तसंच राहतं, आणि पैसे गेले ते गेलेच. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. आपल्याकडे अशा रायफली बऱ्याच घरांत आहेत आणि त्यांच्याबद्दल मराठीत नीट लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही.

नळी घासते का?

बारुदाच्या रायफलीची नळी घासते, हे खरं आहे. तिथे काडतूस फुटताना दाब साडेतीन-चार हजार बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) जातो, वायू प्रचंड तापलेला असतो, आणि काडतुसाच्या पुढे जिथून आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) सुरू होतात तो भाग दर फैरीला थोडा थोडा जळत जातो. जोरकस काडतुसांच्या स्पर्धेच्या रायफलींची नळी काही हजार फैरींनंतर बदलावी लागते. परदेशात हौशी नेमबाज घरच्या वर्कशॉपमध्ये नळी बदलतात, त्यामागचं कारण हेच.

एअर रायफलमध्ये यातलं काहीच नाही. आग नाही, तापलेला वायू नाही, आणि छर्रा शिशाचा, म्हणजे पोलादाच्या मानाने लोण्यासारखा मऊ. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो छर्रा सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे मीटर वेगाने निघतो. इतक्याने पोलादी आटे झिजत नाहीत. चांगली ठेवलेली एअर रायफलची नळी एका माणसाच्या हयातीत संपत नाही. ती खराब होते ती दुसऱ्या कारणांनी: गंज, तोंडाशी लागलेला मार, लोखंडी गज घालून केलेली सफाई, आणि वाकणं. तेव्हा "घासली" हे निदान मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं.

कार्डाने काय सांगितलं

मुलीची जुनी आणि नवी कार्डं मागवली. 10 मीटरच्या एअर रायफलचं लक्ष्य किती बारीक असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमी, नऊचं वर्तुळ 5.5 मिमी, आणि सगळं लक्ष्य मिळून 45.5 मिमी. प्रत्येक वर्तुळ पुढच्यापासून अडीच मिमीवर. इथे मिमीच्या दहाव्या भागालाही किंमत आहे.

ओपन साइटची कार्डं चांगली होती. छर्रे मधल्या काळ्यात, एकमेकांना धरून. पीपच्या कार्डांवर दोन गोष्टी दिसल्या. एक, सगळे छर्रे वर. मुलीने पीपची उंची खाली आणत आणत शेवटच्या क्लिकपर्यंत नेली होती, तरी वर. दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. छर्रे गोलाकार पांगलेले नव्हते, आडवे पांगलेले होते. उंचीला पसारा सेंटीमीटरभर आणि रुंदीला तीन सेंटीमीटरच्या वर, जणू पट्टी धरून ओळीत मारलेत.

नेमबाजाचा हात हलला तर पसारा असा शिस्तीत आडवा येत नाही. तरी खात्री म्हणून रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मुलीकडून, मग माझ्याकडून, मग रेंजवरच्या एका मोठ्या मुलाकडून मारून घेतली. तिघांचे छर्रे आडवेच गेले. छर्ऱ्यांचा डबा बदलला, तेच. दस्त्याचे स्क्रू तपासले. स्प्रिंग रायफल दर फैरीला झटका मारते, त्यामुळे हे स्क्रू ढिले होतात आणि निम्मी दुखणी तिथेच सापडतात. पुढचा एक स्क्रू पाव आटा फिरला, पण पसाऱ्यात फरक पडला नाही. पीप साइटचा पाया खाचेवर घट्ट होता.

आता एकच जागा उरली, नळी जिथे रायफलच्या अंगाला जोडली जाते तो सांधा.

ओपन साइट काय झाकून ठेवते

या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

मोडत्या नळीच्या रायफलीत नळी एका चौकोनी ठोकळ्यात दाबून बसवलेली असते. तो ठोकळा मुख्य ट्यूबच्या पुढच्या दोन गालांमध्ये एका बोल्टवर फिरतो. कॉक करताना नळी खाली जाते, छर्रा भरून ती परत वर आणली की ठोकळ्यातली खिट्टी खटकन बसते. या मॉडेलमध्ये पुढची साइट नळीच्या तोंडाशी आहे आणि ओपन गटाची मागची साइट ठोकळ्यावरच आहे. म्हणजे दोन्ही साइट नळीबरोबर फिरतात. सांधा ढिला असला आणि नळी दर वेळी थोडी डावीकडे नाहीतर उजवीकडे बसली, तरी दोन्ही साइट तिच्याबरोबरच सरकतात. नेमबाज नेम लावतो तो नळीच्या रेषेवर, म्हणून छर्रा बरोबर जागी जातो. ढिलेपणा कार्डावर दिसतच नाही.

पीप साइट मात्र मागे, मुख्य ट्यूबवरच्या खाचेत बसते. आता मागची साइट एका तुकड्यावर आणि पुढची दुसऱ्यावर. मधला सांधा हलला की नेमाची रेषा आणि नळीची रेषा वेगळ्या होतात.

किती हलल्याने किती फरक पडतो, ते वडिलांना कागदावर मांडून दाखवलं. गालांमध्ये ठोकळ्याची पकड साधारण 25 मिमी लांबीची. तेवढ्या लांबीत 0.05 मिमी मोकळीक असेल तर कोन झाला पाचशेला एक. 10 मीटरवर तो होतो 20 मिमी. साइटचं सरकणं त्यातून वजा केलं तरी बरंच उरतं. मधोमध लागायचा छर्रा बाहेरच्या वर्तुळात जातो. वडील आकड्याकडे बघत राहिले. मागावर 0.05 मिमीला कोणी विचारत नाही.

म्हणजे पीप साइटने रायफल बिघडवलेली नव्हती. रायफल आधीच बिघडलेली होती आणि ओपन साइट ते लपवत होती.

सांधा उघडण्याआधीची मापं

वडिलांनी कारखान्याच्या वर्कशॉपमधून डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप, मागून आणला. रायफलची मुख्य ट्यूब लाकडी गुटक्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये हलकी पकडली. लोखंडी जबड्यांत ती थेट कधीही धरू नये, ट्यूबला पोचा आला की आतला पिस्टन अडकतो. गेजचं टोक नळीच्या तोंडाशी टेकवलं आणि नळी बोटाने डावी-उजवी ढकलली. काटा 0.9 मिमी फिरला. बोल्टपासून तोंडापर्यंतची लांबी साधारण 450 मिमी, म्हणजे वर मांडलेल्या हिशोबाशी आकडा जुळला.

पण छर्रे वर का जात होते, याचं उत्तर ढिलेपणात नव्हतं. नळीच्या पाठीवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून मागून बॅटरी धरली. ठोकळ्यातून नळी बाहेर येते तिथून दोन बोटांवर पट्टीखाली उजेडाची फट दिसली, पुढे ती मिटली. नळी मोडून आतून उजेडाकडे बघितलं तर आतली वर्तुळं एकात एक बसत नव्हती, एका बाजूला सरकलेली दिसत होती. नळी वाकलेली होती, आणि वरच्या दिशेला.

वरच्याच दिशेला वाकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. नळी कॉक करून खाली मोडलेली असताना कोणी ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते आणि नळी जोरात वर आपटते. ठोकळा गालांना धडकून थांबतो, पण नळीचं पुढचं टोक वेगात असतं, ते थांबत नाही. ठोकळ्याच्या तोंडाशी नळी वर वाकते. तोच धक्का बोल्टवर येतो आणि त्याचं भोक लांबट होतं. दस्त्याला ट्रिगरच्या मागे बारीक तडाही जाते. इथे ती होती, पॉलिशखाली केसाएवढी.

घरात विचारल्यावर आधी सगळे गप्प. मग मुलीच्या धाकट्या भावाने सांगितलं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, गेला असताना फुगे फोडायच्या स्टॉलवर तो माणूस एका हाताने नळी झटक्यात बंद करतो, हे त्याने पाहिलं होतं. घरी येऊन तसंच करायला गेला. त्याला वाटलं ट्रिगर दाबला की नळी आपोआप बंद होते. झाली. बोटं मध्ये नव्हती, हे नशीब. अशा आपटण्याने बोट तुटू शकतं. चांगल्या रायफलींमध्ये नळी उघडी असताना ट्रिगर अडवणारी कळ असते. स्वस्त मॉडेलमध्ये ती बहुधा नसते, या रायफलमध्येही नव्हती. पोराला कोणी रागावू नये असं मी आधीच सांगितलं होतं, आणि कोणी रागावलं नाही. त्याने खरं सांगितलं म्हणून तपास पूर्ण झाला.

सरळ करायची की बदलायची

नुसती वाकली असती तर मी बदलायला सांगितलं नसतं. वाकलेली नळी नेमकेपणा फारसा घालवत नाही, फक्त छर्रा दुसरीकडे नेते, आणि दर वेळी तिथेच नेते. लाकडी गुटक्यांवर धरून जपून दाब देत ती बऱ्याच अंशी सरळही करता येते. पण इथे बोल्टचं भोक लांबट झालं होतं. ते बुजवून परत अचूक बोअर करायला मशीन लागतं, आणि बोअर तिरका गेला तर सगळं मुसळ केरात. ठोकळ्यासकट नळीचा पूर्ण जोड कंपनीचा मिळत होता, आणि त्याची किंमत नव्या रायफलच्या मानाने बरीच कमी होती. म्हणून पूर्ण जोड बदलायचा, बोल्ट आणि वायसरही नवे घ्यायचे, असं ठरलं. वडील शेवटी जिथून निघाले होते तिथेच पोचले, फक्त आता कारण माहीत होतं आणि बोल्टही यादीत आला होता. नुसती नळी मागवली असती आणि जुना झिजलेला बोल्ट परत घातला असता, तर 0.9 मधले बरेचसे तसेच राहिले असते.

उघडणं

काम त्यांच्या घरच्या पडवीत, फरशीवर जुनी चादर पसरून केलं. स्क्रू पांढऱ्या चादरीवर सापडतात.

पहिली गोष्ट, रायफल कॉक नाही आणि नळीत छर्रा नाही, हे दोघांनी वेगवेगळं बघितलं. दुसरी, मागचं टोपण आणि ट्रिगरचा भाग यांना हात लावायचा नाही. आतली स्प्रिंग कॉक नसतानाही दाबलेली असते. मागची पिन काढली की ती टोपणासकट बाहेर झेप घेते आणि समोर तोंड असेल तर तोंडावर. नळी बदलायला ती बाजू उघडावी लागतच नाही. हे वडिलांना दोनदा सांगितलं, कारण कसबी हाताला सगळं उघडून बघायचा मोह होतो.

दस्त्याचे स्क्रू काढून रायफल मोकळी केली. बोल्टला अडवणारा छोटा स्क्रू आधी, मग बोल्ट. तो भोकाच्या लांबट झालेल्या बाजूला अडकून बसला होता. पितळी पंच लावून हलक्या हातोडीने ठोकत काढला. नळी थोडी खाली केली की कॉकिंगचा दांडा ट्यूबच्या खाचेतल्या रुंद जागेतून सुटतो. दोन्ही बाजूंचे पातळ वायसर चिकटून आले, ते कुठल्या बाजूचे होते ते कागदावर लिहून ठेवले.

गालांच्या आतल्या बाजूला ग्रीसमध्ये राखाडी लेप जमलेला होता. बोटांत घेऊन चोळला तर तंतू लागले. सुताचं तूस. घराला लागूनच माग आहेत, दिवसभर हवेत तूस असतं, आणि ग्रीस लावलेली कुठलीही जागा ते धरून ठेवते. तोच लेप नळीच्या मागच्या सीलभोवतीही होता. नळी बंद होताना सीलवर चिमूटभर तूस दाबलं गेलं की तिथून हवा निसटते. वडील म्हणाले, "माग रोज हवा मारून साफ करतो आम्ही, हिला कधी केलंच नाही की." गाल केरोसीनच्या फडक्याने पुसून कोरडे केले. गालांना ओरखडे नव्हते, ही सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट होती. मार गालांवर गेला असता तर मुख्य ट्यूबच निकामी.

बसवणं

नवा जोड हातात आला तेव्हा वडिलांना वाटलं, आता दहा मिनिटांचं काम. व्हर्निअर लावला. ठोकळा आणि दोन नवे वायसर मिळून जी रुंदी होत होती ती गालांमधल्या अंतरापेक्षा 0.15 मिमीने कमी भरली. कंपनीच्या सुट्या भागात एवढा फरक असतो, त्यात कोणाची फसवणूक नाही. पण तसंच बसवलं असतं तर नव्या नळीवर जुन्याहून वाईट पसारा मिळाला असता. बोल्ट आवळून गाल जवळ ओढायचा, हा उपाय बरेच जण करतात. त्याने गालांवर कायमचा ताण राहतो आणि बोल्ट जरा सैल झाला की मोकळीक परत येते.

उपाय शिमचा, म्हणजे फट भरायच्या पातळ चकतीचा. फट मोजायच्या फिलर गेजच्या जुन्या पात्यांतून 0.10 आणि 0.05 मिमीची वर्तुळं कापली, मधलं भोक पाडून कडा बारीक पॉलिश पेपरवर घासल्या. हे काम वडिलांनी एकट्याने केलं आणि इतकं सुबक केलं की बाजारात विकायला ठेवावं. मग प्रश्न, कुठली शिम कुठल्या बाजूला? नळीचं भोक ट्यूबमधल्या हवेच्या छिद्रासमोर नेमकं यायला हवं. सीलच्या तोंडावर निळ्या शाईचा पातळ थर लावून नळी बंद केली आणि उघडून ठसा बघितला. एका बाजूला 0.10 ठेवल्यावर ठसा सरकलेला आला, बाजू बदलल्यावर मधोमध आला.

नव्या नळीत गंज लागू नये म्हणून भरपूर तेल भरलेलं होतं. ते तसंच ठेवून मारलं तर पिस्टनने हवा एकदम दाबली की तेलाची वाफ पेट घेते. धूर, फटाक्यासारखा आवाज, छर्रा वेडावाकडा, आणि पिस्टनचं सील जळतं. याला डिझेलिंग म्हणतात. नायलॉनच्या दोरीला सुती चिंध्या बांधून मागून पुढे ओढल्या, शेवटची चिंधी कोरडी निघेपर्यंत. गज घातला नाही. तोंडाशी आट्यांची शेवटची कड असते, छर्रा नळी सोडतो तो त्या कडेवरून. तिला एक ओरखडा पुरे.

मॉलिब्डेनम ग्रीस बोल्टला आणि वायसरना अगदी पातळ लावलं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 च्या वर जातो, पत्र्याखाली तर विचारू नका. जास्त लावलेलं ग्रीस पातळ होऊन हवेच्या छिद्राकडे सरकतं आणि परत डिझेलिंग. बोल्ट किती आवळायचा याची खूण सोपी आहे. नळी अर्धी मोडून सोडली तर आपल्या वजनाने हळूच सरकावी किंवा तिथेच थांबावी. धप्पकन पडली तर सैल. ढकलावी लागली तर जास्त आवळला. बोल्ट तिथे थांबवून अडवणारा स्क्रू बसवला.

परत डायल गेज. डावी-उजवी ढकलून काटा 0.02 मिमीच्या आसपास. हा आकडा वडिलांनी स्वतः तीन वेळा वाचला.

चाचणी

सीलची तपासणी टिश्यू पेपरने केली. नळी आणि ट्यूबच्या सांध्यावर पातळ पट्टी ठेवून फैर मारली, पट्टी हलली नाही. फैर छर्रा भरूनच मारायची. रिकामी मारली तर पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो ट्यूबच्या तोंडावर लोखंडासारखा आपटतो.

सुरुवातीचे काही छर्रे इकडे-तिकडे गेले, नव्या नळीत तसं होतं. नंतर पिशवीवर टेकवून दहा छर्ऱ्यांचं कार्ड घेतलं. आडवा पसारा 9 मिमी, उभा 10. आडवी ओळ गेली होती, गोल झाला होता. उरलेला उभा पसारा या दर्जाच्या स्प्रिंग रायफलचा स्वभाव आहे, पिस्टन पुढे धावताना रायफल झटका मारते आणि छर्रा अजून नळीतच असतो. तो नेमबाजाच्या पकडीने कमी होतो, भाग बदलून नाही. पीपची उंची आता मधल्या क्लिकवर आली, वर-खाली दोन्हीकडे जागा शिल्लक.

मुलीने उभं राहून पहिली मालिका मारली, कार्ड जवळ आणलं आणि काही न बोलता वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं, आणि मालिकेची बेरीज मी विचारली तेव्हा आधी मुलीने सांगायची की त्यांनी, यावर दोघांची जुंपली.

शेजाऱ्यांचा प्रश्न

हे चालू असताना शेजारी एक गृहस्थ येऊन बसले होते. गावाकडे शेती, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअर. त्यांनी विचारलं, "आमच्या बंदुकीची नळी पण करून द्याल का?" मी तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि कारण इथेही लिहून ठेवतो, कारण एअर रायफलवर हात बसला की माणसाला पुढचं सोपं वाटायला लागतं.

4.5 मिमीपर्यंतची आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते. बारुदाच्या शस्त्राचं तसं नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 मध्ये बनवणं आणि विकणं यांच्याबरोबर दुरुस्ती हा शब्दही आहे. स्वतःच्या परवान्याची बंदूक असली तरी दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करायची. नळी तोकडी करण्याबद्दल कलम 6 वेगळं आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो शेकडो बारचा दाब आहे. काडतूस आणि त्याला मागून रोखणारा भाग यांच्यातलं अंतर केसभर चुकलं तर फुटलेला भाग मागे, माणसाच्या गालाशी येतो. तिथे शिम कापून भागत नाही. गृहस्थांनी ऐकलं. त्यांची बंदूक ते परवान्याच्या दुकानात घेऊन गेले.

पुढचं

बोल्ट नवा असल्यामुळे आठवडाभराच्या सरावानंतर डायल गेज परत लावला. काटा 0.03 दाखवत होता, वायसर बसल्यामुळे एवढं होतं. बोल्ट किंचित आवळला. आता महिन्यातून एकदा मापायचं आणि वहीत लिहायचं, ही जबाबदारी मुलीने घेतली आहे. रायफल कपड्याच्या पिशवीत बंद राहते, सांधा आणि सील आठवड्याला कोरड्या ब्रशने साफ होतं, म्हणजे तूस साठत नाही. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, हेही ठरलं. शिसं बोटांवर राहतं. रायफल आणि छर्रे आता वेगवेगळ्या कुलपांत असतात. धाकट्यालाही शिकायचं आहे, तर त्याला आधी नळी मोडणं आणि बंद करणं शिकवलं: एक हात नळीवर, तो छर्रा भरून नळी बंद होईपर्यंत सुटायचा नाही, आणि दुसऱ्या हाताचं बोट ट्रिगरपासून लांब.

स्प्रिंग मात्र जुनीच आहे आणि ती थकली आहे. कॉक करताना आवाज येतो, फैरीनंतर ट्यूबमध्ये झिणझिणाट राहतो. वडिलांनी तेही घरी करू का विचारलं. त्यासाठी स्प्रिंग धरून ठेवणारा कॉम्प्रेसर लागतो. दोन लांब आट्यांचे बोल्ट आणि लोखंडी चॅनलचे तुकडे यांतून तो बनवता येतो, त्यांना तो बनवताही येईल. तो आधी बनवायचा, त्यावर मी उभा राहून बघायचं, मगच मागची पिन काढायची, असं आमचं ठरलं आहे. चॅनल आणला आहे, वेल्डिंग बाकी आहे.